फायबरचा एक डबा, पुढे ऑफिस, मागे शेड: छोटं नेटवर्क नीट कसं उभारायचं

ऑफिसात प्रिंटर सुरू आहे, मागच्या शेडमधल्या कम्प्युटरवर इंटरनेटही चालतंय. पण तिथून डिलिव्हरी चलन छापायला गेलं की प्रिंटर ऑफलाइन. सोलापुरात पुढे ऑफिस, मागे माग आणि वर घर अशा जागांमधून ही तक्रार सारखी येते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यात राउटर आधीपासूनच असतो. शेडमध्ये रेंज पोचत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणतो, केबल त्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट आत घ्यायच्या) पोर्टात खोचतो आणि एका घरात दोन कारभारी करून ठेवतो. दोघंही आपापले पत्ते (प्रत्येक यंत्राचा नेटवर्कातला क्रमांक) वाटत बसतात. शेडमधून ऑफिसकडे जायला कधी वाट सापडते, कधी नाही. ऑफिसातून शेडकडे तर नाहीच. दोन्ही डब्यांनी योगायोगाने १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते वाटले, तर दोन्ही वाटा बंद.

म्हणून पत्ते वाटणारा डबा एकच ठेवायचा. बाकीच्यांनी फक्त वायफाय आणि पोर्ट पुरवायचे. खालचा क्रम त्यासाठीच आहे आणि तो मोडू नका. केबल ओढून झाल्यावर नकाशा काढायला बसणारे पुन्हा पट्ट्या उचकटताना दिसतात.

उदाहरणासाठी जागा धरू: पुढे ऑफिसात एक कम्प्युटर आणि प्रिंटर, मागे टॉवेल विणायच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक कम्प्युटर, चार कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, शिवाय वर घरातले मोबाईल आणि टीव्ही.

टप्पा १: आधी कागद

जागेचा साधा नकाशा काढा. फायबर कुठून आत येते, डबा कुठे आहे, भिंती कशाच्या आहेत, मेन बोर्ड कुठे आहे, एवढं त्यात हवं. भिंतीची नोंद गमतीसाठी नाही. अर्ध्या विटेच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ वायफाय कसंबसं जातं, जुन्या पेठांमधल्या दीड-दोन फुटी दगडी भिंतीतून जवळजवळ नाही, आणि पत्रा तर सिग्नल परतवून लावतो. शेडच्या बाहेर लावलेल्या डब्याने शेडमध्ये रेंज मिळेल ही आशा सोडा. शेडमध्ये केबलच न्यायची.

मग त्याच कागदावर पत्ते ठरवा. मुख्य डब्याचा पत्ता समजा १९२.१६८.१.१ आहे (डब्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो, तुमच्याकडे तिसरा आकडा वेगळा असेल तर तोच पुढे सगळीकडे धरा). वाटणी अशी (फक्त शेवटचा आकडा लिहिला आहे):

- .१ मुख्य डबा
- .२ शेडमधला दुसरा डबा
- .१० प्रिंटर
- .११ हिशेबाचा मुख्य कम्प्युटर
- .२० कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर
- .१०० ते .१९९ मोबाईल, टीव्ही आणि येणारे-जाणारे. हे डबा आपोआप वाटेल

पत्ते आणि कमांड टाइप करताना अक्षरं-आकडे इंग्रजी कळफलकावरचेच वापरा.

टप्पा २: सामान, आणि केबल घेताना फसू नका

कॅट सिक्स केबल, तिची डोकी म्हणजे टोकांना बसवायचे कनेक्टर (चार लागणार असतील तर दहा घ्या, दोन-तीन वाया जातातच), क्रिम्पिंगचा पक्कड, आठ दिव्यांचा टेस्टर, पीव्हीसी पट्टी किंवा पाइप आणि दुसरा वायफाय डबा. पोर्ट कमी पडत असतील तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा).

केबलची लांबी अंदाजाने सांगू नका. ऑफिस ते शेड जमिनीवरून १८ मीटर असेल, तर वर चढायला अडीच, उतरायला अडीच, दोन्ही टोकांना एकेक मीटर सैल, म्हणजे २५. त्यावर वळणांसाठी दहा टक्के. २८ मीटर कापून घ्या. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर आहे. मध्ये जोड देऊन, टेप गुंडाळून लांबी वाढवलेली केबल आज चालते आणि पावसाळ्यात रुसते.

दुकानात केबलचं टोक मागून घ्या, एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती दोन-चार वेळा वाकवली की तुटते, आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांना लांबवर पुरेसा दाब पोचवत नाही. आतपर्यंत लाल तांबं दिसेल तीच केबल घ्या, जरा महाग पडली तरी. सगळ्या कामात पैसे वाचवू नयेत अशी जागा हीच.

केबलचा काही भाग उन्हात जाणार असेल तर बाहेरच्या वापरासाठीची काळी जाड आवरणाची केबल घ्या. घरातली करडी केबल सोलापूरच्या उन्हात गच्चीवरून नेली की आवरण कडक होऊन तडकतं.

थांबा. शेडचं वीज मीटर वेगळं असेल किंवा शेड ही सुटी इमारत असेल, तर दोहोंमध्ये तांब्याची केबल टाकू नका. दोन जागांच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि वळवाच्या पावसात जवळ वीज पडली तर दोन्हीकडचे पोर्ट एकदम जळतात. तिथे दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या केबलवरचा सिग्नल फायबरवर चढवणारी डबी) लावून मध्ये फायबर टाका. फायबर वीज वाहत नाही.

टप्पा ३: मुख्य डब्याची जागा आणि वीज

फायबर जिथे आत आली तिथेच डबा ठोकायचा हा तंत्रज्ञाच्या सोयीचा निर्णय असतो, तुमच्या नाही. बसवतानाच त्याला जागा दाखवा. ऑफिसात, छातीच्या वर उंचीवर, हवा खेळती राहील अशी, लोखंडी कपाटाच्या मागे नको, मेन बोर्डाला चिकटून नको. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. बंद शोकेसमध्ये ठेवलेला डबा दुपारी आपोआप बंद-चालू होऊ लागतो आणि दोष लाइनवर ढकलला जातो.

आत येणाऱ्या फायबरच्या तारेला तीव्र वळण देऊ नका. चहाच्या बशीएवढा गोल वेटोळा चालेल, खिळ्याभोवती घडी चालणार नाही. टोकाचा हिरवा कनेक्टर उगाच काढून पाहू नका, आणि काढलाच तर त्याच्या तोंडाला बोट लावू नका. तिथे बसलेला धुळीचा कण सिग्नल खातो.

वीज गेली की इंटरनेट जाऊ नये म्हणून छोटा डीसी यूपीएस लावतात. त्यात एक चूक महागात पडते. डब्याच्या ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा: १२ व्होल्ट, आणि पुढे १, १.५ किंवा २ अँपिअर. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. ९ व्होल्टच्या डब्याला १२ चं टोक बसतंही आणि डबा जाळतंही. दोन्ही डबे बॅकअपवर हवेत. नुसता पुढचा चालू राहिला तर शेड अंधारातच.

तपासा: पॉवर दिवा स्थिर, पॉन (कंपनीशी फायबरची जोडणी) दिवा स्थिर हिरवा, लॉसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा बंद. लॉस लाल लुकलुकत असेल तर फायबर तुटली किंवा वाकली आहे. सेटिंगमध्ये हात घालून काही उपयोग नाही, कंपनीला फोन करा. पॉन स्थिर आहे पण इंटरनेट दिवा नाही, तर प्रश्न लॉगिनचा आहे. डब्याच्या पानावर ऑप्टिकल पॉवर दिसत असेल तर आकडा लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे २७ च्या पलीकडे गेला की लाइन तुटत राहणार.

टप्पा ४: केबल ओढा आणि डोकी मारा

विजेच्या वायरींबरोबर एकाच पाइपात लॅन केबल घालू नका. समांतर जायचंच असेल तर निदान वीतभर अंतर ठेवा, आणि ओलांडायचं असेल तिथे काटकोनात ओलांडा. लूमच्या मोटारींच्या वायरी सुरू-बंद होताना मोठी गडबड करतात. केबल मागांच्या सांगाड्याला बांधू नका. कंपनाने डोकं पोर्टात सैल होतं. भिंतीवरून पट्टीतून न्या.

डोक्यात तारांचा क्रम दोन्ही टोकांना एकच. डोक्याची खुंटी खाली, तांब्याचे दात वर आणि केबल शिरायचं तोंड तुमच्याकडे धरलंत, तर डावीकडून: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. घोळ होतो तो मधल्या चारांत. पांढरी-हिरवी आणि हिरवी शेजारी ठेवण्याचा हात होतो. त्या निळ्या जोडीच्या दोन बाजूंना जातात.

पीळ लागेल तेवढाच उकला, अर्ध्या इंचापेक्षा कमी. तारा सरळ करून एका रेषेत कापा, आत सारा, डोक्याच्या पुढच्या पारदर्शक भिंतीला आठही टोकं टेकलेली दिसली पाहिजेत. बाहेरचं आवरण डोक्याच्या आत, दाबपट्टीखाली गेलं पाहिजे. आवरण बाहेर राहून नुसत्या रंगीत तारा दिसत असतील तर ते डोकं कापून टाका, कारण केबलला पहिला हिसका बसला की तार सुटणार.

तपासा: टेस्टरवर १ ते ८ दिवे दोन्हीकडे त्याच क्रमाने लागले पाहिजेत. एखादा लागला नाही तरी नेट चालू शकतं, आणि तिथेच लोक फसतात. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ एवढ्या चारच तारा पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. वेग ९०-९५ च्या वर जात नाही अशी तक्रार असेल तर बहुधा हेच झालंय. (दुसरी शक्यता: काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० चे. पोर्टावरचं लिखाण पाहून शेडची केबल गिगाबिटवाल्यात घाला.)

टप्पा ५: मुख्य डब्यातली सेटिंग

लॅपटॉप केबलने जोडा. वायफायवरून सेटिंग बदलाल तर नाव-पासवर्ड बदलताच तुम्हीच बाहेर फेकले जाल.

थांबा. रिसेटच्या भोकात टाचणी घालू नका. कंपनीने भरलेलं लॉगिन आणि व्हीलॅनचा आकडा (कंपनीच्या जोडणीचा क्रमांक) त्यात पुसला जातो आणि पुढचा तंत्रज्ञ येईपर्यंत सगळं ठप्प. बदल करण्याआधी वॅनच्या पानाचा मोबाईलने फोटो काढून ठेवा. टीआर-०६९ असं काही दिसलं तर ते तसंच राहू द्या. कंपनी त्यातूनच डब्याची देखरेख करते.

आता क्रमाने:

1. डब्याचा प्रवेश पासवर्ड बदला. स्टिकरवरचा ठेवू नका, तो ऑफिसात आलेल्या कुणालाही वाचता येतो.
2. डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटण्याच्या सोयीची) हद्द .१०० ते .१९९ करा. तो चालूच ठेवायचा आहे. हाच आपला एकमेव कारभारी.
3. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए-टू, किंवा टू आणि थ्री मिश्र. नुसती थ्री ठेवली तर जुने प्रिंटर आणि कॅमेरे जोडलेच जात नाहीत. डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डाशिवाय जोडण्याची सोय) बंद.
4. २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल १, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केल्याने दाट वस्तीत वेग वाढत नाही, शेजाऱ्यांशी भांडण तेवढं वाढतं.
5. बाहेरून प्रवेशाची सोय चालू असेल तर बंद.
6. व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले, पाहुणे यांच्यासाठी गेस्ट वायफाय. ते फक्त मुख्य डब्यावर ठेवा. एपी (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय आणि पोर्ट पुरवणारा) म्हणून लावलेल्या दुसऱ्या डब्यावर गेस्ट चालू केलं, तर पुष्कळ स्वस्त डब्यांत ते नावालाच वेगळं असतं. पाहुणा थेट तुमच्या हिशेबाच्या कम्प्युटरच्या गल्लीत उतरतो.

टप्पा ६: दुसरा डबा, म्हणजे खरा घोळ

दुसरा डबा मुख्य डब्याला अजून जोडू नका. कारखान्यातून येताना दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असू शकतो. आधी तो टेबलावर घ्या, लॅपटॉप त्याच्या लॅन (आतल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टाला जोडा.

डब्यात एपी मोड असेल तर तोच निवडा. डीएचसीपी आपोआप बंद होतो आणि वॅन पोर्टसुद्धा साध्या पोर्टासारखा चालतो. त्याचा पत्ता .२ बांधून टाका, नाहीतर नंतर त्याचं पान उघडायला तो सापडत नाही.

एपी मोड नसेल तर हाताने, याच क्रमाने:

1. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य डब्याचाच. चॅनल ६ किंवा ११, १ नको.
2. लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. डबा पुन्हा सुरू होईल. नव्या पत्त्यावर परत शिरा.
3. शेवटी डीएचसीपी बंद करून सेव्ह करा.
4. मुख्य डब्याच्या लॅनमधून आलेली केबल याच्या लॅनमध्ये घाला. वॅनचा पोर्ट रिकामा. त्यावर चिकटपट्टी लावून टाका. उद्या साफसफाई करणारा माणूस निळ्या पोर्टात निळी केबल शोभते म्हणून तिथेच खोचेल.

तिसऱ्या पायरीनंतर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही, १६९.२५४ ने सुरू होणारं काहीतरी दिसतं आणि लोक घाबरून डबा रिसेट करतात. डबा बिघडलेला नाही. पत्ते वाटणं तुम्हीच बंद केलंय, ते आता मुख्य डब्याकडून येणार. केबल जोडा आणि अर्धा मिनिट थांबा.

जागा शेडच्या आत, माणसाच्या डोक्याच्या थोडी वर, पत्र्यापासून शक्य तितकी खाली, आणि मागांच्या वाऱ्यापासून बाजूला. सुताचं तूस डब्याच्या जाळीत वाकळ घातल्यासारखं बसतं आणि आतली उष्णता कोंडते. महिन्यातून एकदा वीज बंद करून कोरड्या ब्रशने जाळी झाडा. कॉम्प्रेसरची हवा नको, ती तूस आतच ढकलते.

तपासा: शेडमध्ये मोबाईल वायफायला जोडून त्याचा पत्ता पाहा. १९२.१६८.१.१०० च्या पुढचा आणि गेटवे (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) १९२.१६८.१.१ दिसला तर काम फत्ते. गेटवे .२ दिसला, किंवा तिसराच आकडा वेगळा दिसला, तर दुसरा कारभारी अजून जिवंत आहे.

टप्पा ७: प्रिंटर, हिशेब, कॅमेरे

प्रिंटरला पत्ता देण्याच्या दोन रीती: प्रिंटरच्या पॅनलवर हाताने .१० भरणं, किंवा मुख्य डब्यात त्याच्या मॅक क्रमांकासमोर (यंत्राचा कायमचा ओळख क्रमांक) पत्ता राखून ठेवणं. दुसरी बरी, कारण सगळे पत्ते एकाच पानावर दिसतात. काही डबे डीएचसीपीच्या हद्दीबाहेरचा पत्ता राखू देत नाहीत. तिथे पहिली वापरा. दोन्ही एकदम करू नका.

प्रिंटर वायफायवर दिसतच नसेल तर तो फक्त २.४ चा असतो आणि डब्याने दोन्ही बँड एकाच नावाखाली घेतलेले असतात. तात्पुरती नावं वेगळी करा, प्रिंटर जोडा, मग हवं तर पुन्हा एक करा. त्याहून सोपं म्हणजे प्रिंटरला केबल लावणं.

कम्प्युटरवर प्रिंटर जोडताना शोधून आलेल्या यादीतून निवडू नका; पत्ता टाकून जोडा. नाहीतर काही दिवसांनी पोर्ट बदलतो आणि पुन्हा ऑफलाइन.

हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्या कम्प्युटरवर आहे त्याला केबलच हवी, वायफाय नको. नोंद चालू असताना वायफाय क्षणभर जरी तुटलं तरी डेटा खराब होऊ शकतो. विंडोजमध्ये त्या जोडणीला पब्लिकऐवजी प्रायव्हेट करा, आणि स्लीप बंद ठेवा. 'दुपारी जेवणानंतर शेडमधून उघडत नाही' याचा अर्थ बहुधा तो कम्प्युटर झोपलेला आहे.

कॅमेरे थेट रेकॉर्डरच्या मागच्या पोर्टांना जोडलेले असतील तर त्यांना पत्ते द्यायची गरज नाही. रेकॉर्डर त्यांचं आपलं पाहतो. आपल्या नेटवर्कात फक्त रेकॉर्डर येतो, .२० वर. त्याचा मूळ पासवर्ड बदलायला विसरू नका.

टप्पा ८: चाचणी, इंटरनेट काढून

मुख्य डब्याची फायबर तशीच राहू द्या. डब्याच्या पानावरून इंटरनेटची जोडणी तात्पुरती तोडा, किंवा कंपनीची लाइन बंद असलेली वेळ गाठा. आता शेडमधून चलन छापा. छापलं गेलं पाहिजे. आपलं नेटवर्क इंटरनेटवर अवलंबून नसतं, आणि ते तसं आहे का हे एरवी कळत नाही.

मग शेडच्या कम्प्युटरवर काळ्या पडद्यात (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ping -n 100 192.168.1.1 चालवा. ही कमांड मुख्य डब्याला शंभर हाका मारते. शेडमधले माग सुरू असताना चालवा, बंद असताना नव्हे. केबलवर शंभरपैकी एकही हरवता कामा नये आणि वेळ एक-दोन मिलिसेकंदाच्या आत हवा. माग बंद असताना शून्य आणि सुरू झाल्यावर चार-पाच हरवत असतील तर केबल विजेच्या वायरीला चिकटून गेली आहे किंवा डोकं कंपनाने हलतंय; टप्पा ४ कडे परत.

अचानक सगळंच बसलं आणि स्विचचे सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचली आहेत, किंवा दोन डब्यांमध्ये दोन केबली टाकल्या आहेत. एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतात, ती.

मधूनच दोन यंत्रं आळीपाळीने बंद पडत असतील तर दोघांना एकच पत्ता गेला आहे. कागदावरची यादी आणि मुख्य डब्याची यादी शेजारी ठेवून पाहा.

शेवटी मेन स्विच, आणि डब्यांना यूपीएस असेल तर तोही, बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. मुख्य डबा पूर्ण उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात प्रिंटर उठून पत्ता मागत बसतो, आणि त्याला मिळत नाही. तसं झालं तर प्रिंटर तेवढा बंद-चालू करा. रोजच व्हायला लागलं तर त्याला पॅनलवरून पत्ता हाताने भरून द्या आणि डब्यातली राखीव नोंद काढून टाका. हे झालं की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा आणि पत्त्यांचा कागद मुख्य डब्याशेजारी चिकटवा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका.